भीतीसकट तिकीट काढा

स. न. वि. वि.
मी 52 वर्षांची आहे, सांगलीत एका सहकारी बँकेत शाखाधिकारी. सहा वर्षांपूर्वी जुलैमध्ये दिल्लीहून मुंबईला येत होते. विमान उतरायला लागलं, खाली इमारती दिसू लागल्या आणि एकदम प्रचंड आवाज करत ते पुन्हा वर गेलं. थोड्या वेळाने परत तसंच. कोणी काही सांगेना. शेवटी अहमदाबादला उतरवलं. त्या दिवसापासून मी विमानात बसलेले नाही. बँकेच्या प्रशिक्षणाला दिल्लीला रेल्वेने गेले, लेहची सहल ऐनवेळी रद्द केली. त्यात जून 2025 मध्ये अहमदाबादला विमान कोसळलं, त्याचे व्हिडिओ मी किती वेळा पाहिले याला गणती नाही. आता फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे, गुवाहाटीला. जावई तिथलेच. त्यांच्यात जोरोण नावाचा विधी असतो. मुलाची आई येऊन मुलीच्या केसांना तेल लावते, शेंदूर भरते. त्या वेळी मी जवळ हवी, असं लेक म्हणते. घरचे सगळे विमानाने निघालेत. 'मला रेल्वेचा प्रवास आवडतो' असं सांगून मी दोन-अडीच दिवसांची गाडी शोधते आहे. यजमानांना खरं कारण माहीत आहे, ते चिडतात. विमान किती सुरक्षित असतं याचे सगळे आकडे मला पाठ आहेत. तरी विमानतळाचं नुसतं नाव काढलं की पोटात गोळा येतो. ही भीती पूर्ण जाईल असा काही उपाय आहे का?
— एक आई, सांगली

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फेब्रुवारीपर्यंत तुमची भीती पूर्ण जाईल, असा शब्द मी देणार नाही. पण फेब्रुवारीत तुम्ही विमानाने गुवाहाटीला पोहोचाल, हे मला अगदी शक्य वाटतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आधी भीती जाऊ दे, मग बसेन' असं तुम्ही सहा वर्षं धरून चालला आहात. भीतीचं काम उलटं चालतं. माणूस घाबरत घाबरत बसतो, उतरतो, पुन्हा बसतो आणि मग कधीतरी तिचा जोर ओसरायला लागतो. घरी बसून ती गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्या जुलैतल्या दिवसाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. तेव्हा नेमकं काय घडलं हे तुम्हाला आजवर कोणी नीट सांगितलेलंच दिसत नाही.

तुमच्या विमानाने जे केलं त्याला 'गो-अराउंड' म्हणतात. अशा पावसाळी हवेत उतरताना एका ठरलेल्या उंचीपर्यंत वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसावे लागतात. नाही दिसले, तर पुढे जायचं नाही, वर जायचं. आधी उतरलेलं विमान धावपट्टीवरून वेळेत बाजूला झालं नसेल, वारा अचानक फिरला असेल, आपल्याच विमानाचा वेग जरा चुकला असेल, तरीही तेच करायचं. जुलैत मुंबईवर ऐन उतरण्याच्या वेळी जोरदार सर आली की असं होऊ शकतं. वैमानिक याचा सराव सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करतात. उतरायला सुरुवात करण्याआधीच, 'वर जावं लागलं तर कसं' हे दोघं आपापसात बोलून घेतात. मग वेळ आली की इंजिनांचा जोर एकदम वाढवायचा, नाक वर उचलायचं, चाकं आत घ्यायची. उतरताना इंजिनं बरीच शांत असतात, म्हणून तो आवाज अंगावर येतो. पाठ खुर्चीत दाबली जाते. तुम्हाला वाटलं, काहीतरी हाताबाहेर गेलं. त्या क्षणी वैमानिकाने धोका पत्करायला नकार दिला होता, आणि दुसऱ्यांदाही दिला.

'कोणी काही सांगेना' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. मला वाटतं, तुमची भीती त्या शांततेत रुजली आहे. वैमानिकांचा कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी विमान सांभाळायचं, मग मार्ग बघायचा आणि सर्वांत शेवटी बोलायचं. बोलतानाही आधी नियंत्रण कक्षाशी, नंतर प्रवाशांशी. केबिन क्रूसुद्धा त्या वेळी स्वतःच्या खुर्चीत पट्टा बांधून बसलेला असतो. त्यामुळे काही मिनिटं कोणीच काही बोलत नाही. ती मिनिटं तुमच्या मनाने स्वतःच भरून काढली आणि त्यात वाईटात वाईट तेच भरलं. अहमदाबादचंही तसंच. तुम्हाला वाटत असेल की नाइलाजाने कुठेतरी नेऊन उतरवलं. मुंबईत उतरता आलं नाही तर कुठे जायचं, हे विमान दिल्लीहून सुटण्यापूर्वीच कागदावर लिहिलेलं असतं. तिथवर पोहोचण्यापुरतं आणि त्यावर आणखी अर्धा तास हवेत राहता येईल इतकं इंधन भरल्याशिवाय विमान निघूच शकत नाही.

एक काम करा. तो दिवस एकदा स्वतःच्या अक्षरात लिहून काढा, पण या माहितीनिशी. 'विमान वर गेलं' याच्या पुढे का गेलं ते लिहा. 'कोणी बोललं नाही' याच्या पुढे ते तेव्हा काय करत होते ते लिहा. सहा वर्षं डोक्यात फिरणाऱ्या त्या प्रसंगाचा अर्धाच भाग तुमच्याकडे होता.

आता 12 जून 2025. तुमचं विमान जिथे सुखरूप उतरलं होतं, त्याच विमानतळावरून सुटलेलं ते विमान. आत 242 माणसं होती, त्यातला एकच वाचला. जमिनीवरची माणसं धरून 260 जीव गेले. यावर 'असं काही होत नसतं हो' असं म्हणणं मला खोटं वाटतं आणि तुमच्यासारख्या विचारी बाईला ते पटणारही नाही. झालं ते झालं, आणि ते पाहून ज्याच्या पोटात तुटलं नाही असा माणूस विरळा.

तुम्हाला आकडे पाठ आहेत म्हणता. मग हा माहीत असेलच: अर्नोल्ड बार्नेट नावाचे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक हा हिशेब वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि 2018 ते 2022 या काळात जगभरात दर 1 कोटी 37 लाख वेळा माणूस विमानात चढण्यामागे एक मृत्यू, असं त्यांचं गणित आहे. आपल्या देशात एकट्या 2022 सालात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, म्हणजे दिवसाला साडेचारशेहून जास्त. हे वाचून तुमची भीती तसूभरही हलत नाही, बरोबर? कारण तुमचं मन शक्यता किती हे विचारतच नाहीये. त्याला खात्री हवी आहे. 'माझं विमान पडणारच नाही असं कोणीतरी लिहून द्या' हा त्याचा हट्ट आहे. ते कोणीच देऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक आकडा ऐकल्यावर मन म्हणतं, 'पण तो एक मीच असले तर?'

विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारे अल्बर्ट एलिस याच 'च' वर बोट ठेवत. सुखरूप पोहोचावं ही इच्छा अगदी योग्य आहे. त्याची हमी मिळालीच पाहिजे, ही मागणी माणसाला आजारी पाडते. तुम्ही सांगली-पुणे रात्रीच्या बसने कितीतरी वेळा गेला असाल. ड्रायव्हरची झोप झाली होती का, हे कधी विचारलंत? तिथे तुम्ही हमीशिवाय बसता आणि पेठ नाका यायच्या आत झोपताही. म्हणजे खात्रीशिवाय प्रवास करण्याची ताकद तुमच्यात आहे, नव्याने आणायची नाही. रोज सकाळी मनाशी इतकंच म्हणा: 'हमी नाही, शक्यता फार चांगली आहे आणि मला लेकीच्या लग्नाला जायचंय.' यात खोटा दिलासा एक शब्दाचाही नाही, म्हणून ते टिकेल.

लेहची सहल रद्द केलीत त्या संध्याकाळी कसं वाटलं होतं, आठवतंय? हायसं वाटलं असणार. त्या हायसं वाटण्यानेच घात केला आहे. मेंदूने नोंद केली की तिकीट रद्द केलं म्हणून आपण वाचलो. दिल्लीला रेल्वेने गेलात, पुन्हा तीच नोंद. विमानाने जाऊन सुखरूप परतल्याची एकही नोंद सहा वर्षांत पडली नाही. अपघाताचे व्हिडिओ बघणंही यातच आलं. बघताना वाटतं की आपण सावध आहोत, माहिती घेतोय. होतं एवढंच की मनाला तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं जातं. ते आजपासून बंद. हवामानाचं अ‍ॅप दर तासाला उघडणं, कोणतं विमान कुठे आहे ते नकाशावर बघत बसणं, यजमानांना 'काही होणार नाही ना?' असं विचारणं, हेही बंद. यातलं शेवटचं सर्वांत अवघड जाईल.

आता विमानात जे जाणवतं त्याबद्दल. आपल्याकडे देशांतर्गत मार्गांवर एअरबस ए-320 जातीची विमानं सर्रास असतात. त्यात बसलात तर दारं बंद झाल्यावर किंवा धावपट्टीकडे जाताना पायाखालून करवत चालवल्यासारखा घर्र-घर्र आवाज येईल. थांबेल, पुन्हा येईल. तो हायड्रॉलिक यंत्रणेतल्या एका भागाचा आवाज आहे, नेहमीचा. उड्डाणानंतर काही सेकंदांत धप्प आवाज होतो, ती आत जाणारी चाकं. आणि मग सगळ्यांना घाबरवणारी गोष्ट येते: मिनिटभरात इंजिनांचा आवाज एकदम कमी होतो आणि आपण खाली चाललोय असं वाटतं. उड्डाणाला लागलेला पूर्ण जोर आता गरजेचा नाही म्हणून वैमानिक तो कमी करतात, नाकही जरा खाली घेतात. विमान चढतच असतं. आपल्या कानात तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे, तिला चढण्याचा जोर कमी होणं आणि खाली पडणं यातला फरक डोळ्यांच्या मदतीशिवाय कळत नाही. म्हणून त्या वेळी डोळे मिटू नका. खिडकीबाहेर बघा, घरं लहानच होत चाललेली दिसतील.

हेलकाव्यांचं म्हणाल, तर पंख हलताना दिसले की जीव खालीवर होतो, पण ते हलावेत असेच बनवलेले असतात. प्रत्यक्ष उड्डाणात पंखावर जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरतात, त्याच्या दीडपट सोसला तरच विमानाला परवानगी मिळते. बोइंगने 1995 मध्ये 777 चा पंख चाचणीत मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला होता, तो या जास्तीत जास्त भाराच्या 154 टक्क्यांवर मोडला. हेलकाव्यांत दुखापत होते ती मुख्यतः पट्टा न बांधलेल्यांना. 21 मे 2024 ला लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानात असं घडलं, एक प्रवासी दगावला, कित्येक जखमी झाले. विमान हजारो फूट कोसळल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. प्राथमिक तपासात निघालं ते असं: साडेचार सेकंदांच्या आसपास वेळात 178 फूट. बाकीची उंची वैमानिकांनी नंतर स्वतः, ताब्यात ठेवून कमी केली होती. पट्टा न बांधलेली माणसं मात्र त्या काही सेकंदांत छतावर आदळली. तेव्हा दिवा विझला तरी पट्टा सोडायचा नाही. त्या प्रवासात तुमच्या हातात असलेली ही एक खरी गोष्ट आहे.

तयारीला आजपासूनच लागा. आधी सांगलीतच, घरी, डोळे मिटून उड्डाणाच्या वेळचे विमानातले आवाज ऐका, धडधड कमी होईपर्यंत. ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. मग कोणाला तरी घ्यायला म्हणून पुण्याच्या विमानतळावर जा. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, त्याची गरजही नाही. बाहेर चहा घ्या, आपली माणसं आल्यावर लोक कसे हात हलवतात ते बघा, एकामागून एक उतरणारी विमानं बघा. जीव घाबरला म्हणून लगेच निघू नका. घाबरलेल्या अवस्थेत निघालात तर पुन्हा तीच जुनी नोंद पडेल. जरा शांत वाटलं की निघा.

आणि दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये, पुणे-नागपूर विमानाने जाऊन या. याला पर्याय नाही, हे मी स्पष्टच सांगते. कोल्हापूर तुम्हाला जवळ आहे, पण उजळाईवाडीहून बऱ्याचदा पंख्याची छोटी विमानं असतात. तीही सुरक्षितच, फक्त त्यांना हेलकावे जरा जास्त जाणवतात, म्हणून पहिल्या खेपेला पुणे बरं. सकाळचं विमान घ्या. जमीन तापलेली नसते, हवा त्या मानाने शांत असते. जागा पंखाच्या जवळची घ्या, तिथे सगळ्यांत कमी हलतं. चढताना केबिन क्रूला सरळ सांगा, 'मला विमानाची भीती वाटते.' त्यांना यात काही नवल नसतं, येता-जाता एखादा शब्द बोलून जातात. हा खर्च लग्नाच्या खर्चातच धरा. मानपानावर त्याहून जास्त जातो आणि त्यातलं निम्मं कोणाच्या लक्षातही राहत नाही.

त्या दिवशी भीती वाटेलच. हातपाय गार पडतील, घशाला कोरड पडेल. छाती भरून येते तेव्हा माणूस भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. मग वाटतं, हार्ट अटॅकच आला. (एकदा डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या, म्हणजे ही शंका मध्ये लुडबुड करणार नाही.) चार आकडे मोजत श्वास आत, सहा-सात मोजत बाहेर. खुर्चीचे हात घट्ट धरू नका, तळवे मांडीवर उघडे ठेवा, खांदे सैल सोडा. आणि भीतीशी भांडू नका. तिला शेजारी बसू द्या. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि मग उतरतो, तुम्ही काही केलं नाहीत तरी. नागपूरला जाताना हे एकदा अंगाने अनुभवलंत की मी लिहिलेल्या सगळ्या मजकुराहून ते जास्त उपयोगी पडेल.

गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. फ्रँक विल्हेल्म आणि वॉल्टन रॉथ या संशोधकांनी 1997 मध्ये विमानाची भीती असलेल्या स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काहींना अल्प्राझोलम हे घबराट कमी करणारं औषध दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. पहिल्या उड्डाणात औषधवाल्या निवांत होत्या. आठवड्याने सगळ्यांना गोळीशिवाय नेलं, तेव्हा औषधवाल्यांपैकी 71 टक्के जणींना घबराटीचा झटका आला. पहिल्या वेळी हा आकडा 7 टक्के होता. गोळीने वेळ निभावली, पण त्यांच्या मनाने शिकायचं ते शिकलंच नाही. मैत्रिणीच्या पर्समधली गोळी तर अजिबात घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांनी आधीपासून काही चालू केलं असेल तर मात्र ते परस्पर बंदही करू नका. आणि ही घबराट लिफ्टमध्ये, गर्दीत, रात्री झोपेतही येत असेल, तर प्रश्न विमानापुरता नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सुरुवात करायला 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

यजमान चिडतात, कारण त्यांनी समजावण्याचे सगळे प्रकार करून झालेत. त्यांना दुसरं काम द्या. नागपूरला ते सोबत असू देत, पण 'काही होत नाही' हे वाक्य त्यांनी बोलायचं नाही. तुम्ही घाबरलात की फक्त 'श्वास' एवढंच म्हणायचं, आणि एरवी लग्नाच्या याद्यांबद्दल बोलायचं. लेकीलाही खरं कारण सांगून टाका. रेल्वे आवडते हे सोंग सांभाळण्यात तुमची बरीच शक्ती जाते आहे, ती आता दुसरीकडे लागणार आहे.

गुवाहाटीला पुण्याहून कोलकात्यामार्गे जाणार असाल तर मधला वेळ भरपूर ठेवा, आणि त्या भागातलं अगदी पहाटेचं विमान टाळा. हिवाळ्यात तिकडे धुकं असतं, रखडायला होतं, आणि ताटकळत बसलं की मन भलतीकडे धावतं. धुक्यामुळे कदाचित पुन्हा एकदा गो-अराउंडही होईल, हे आत्ताच सांगून ठेवते. झाला, तर आवाज वाढेल, पाठ दाबली जाईल, काही मिनिटं कोणी बोलणार नाही. ती मिनिटं कशाची असतात हे या वेळी तुम्हाला माहीत असेल.

एक शेवटचं. जाताना विमान आणि येताना रेल्वे, असं करण्याचा मोह होईल. 'लग्नापुरतं निभावलं, आता निवांत गाडीने येऊ' असं घरचेही म्हणतील. परतीचं तिकीटही विमानाचंच काढा, आणि दोन्ही तिकिटं याच आठवड्यात काढा.